आठ बोटं नक्षी

आकवेते गावात बायका मागाच्या ठोक्यावरून घर ओळखतात. रस्त्यात कुणी विचारलं, "उगोएझीचं घर कुठलं गं?" तर उत्तर मिळतं, "दोन ठोके आणि मग खोकला ऐकू येतो ना, तेच." एरिन्माच्या घराची खूण मात्र निराळी होती. तिच्या मागाच्या दोन ठोक्यांमधे कधी बेडूक ओरडल्यासारखा, कधी शिट्टी मारल्यासारखा आवाज यायचा, आणि जाणारे-येणारे हसून म्हणायचे, "आली बाई रेडिओवालीची गल्ली."

रेडिओवाली हे नाव वडिलांमुळे पडलं. ते आबा शहरात बाजारामागच्या बोळात रेडिओ दुरुस्त करायचे, आणि लहानपणी एरिन्माच्या हातात बाहुलीऐवजी तारांना डाग देण्याची तापलेली सळई असायची. ती एकोणीस वर्षांची असताना वडील गेले. पुढं पाच वर्षं तिनं एकटीनं दुकान चालवलं, रेडिओ संपले तेव्हा मोबाइल दुरुस्त केले, आणि एक दिवस आईला घेऊन आकवेतेला परत आली. बरोबर दोन पोती होती. एकात कपडे होते, दुसऱ्यात मेलेल्या रेडिओंमधून काढलेली तांब्याची तार.

आई म्हणजे इहुओमा. ती म्हणाली, "लोक शहरातून भांडी आणतात, माझी लेक भंगार आणते."

गावात माग शिकायचा म्हणजे आईच्या मावशीकडेच, कारण ती शेजारच्याच घरात, एकाच भिंतीआड राहायची. थोरल्या बाईला आकवेतेत 'दा' म्हणतात. ही दा अहुदिया. उंच, काटक, बोलायला तिखट, रविवारी चर्चमधे पहिल्या बाकावर. तिनं एरिन्माला उभ्या मागासमोर बसवलं आणि दोन वर्षं नुसतं साधं विणायला लावलं. मग कुठं एकदा एरिन्मानं आडव्या धाग्यांबरोबर तांब्याची तार घातली, कापडाच्या कडेला फोनची आतडी शिवली, आणि असं कापड केलं की त्यावर तळहात ठेवला की उखळात मुसळ पडल्याचा आवाज यावा. आधी बायका हसल्या. मग हात ठेवून बघायला रांग लागली. एकीनं हात ठेवला आणि रडायलाच लागली, म्हणाली, "माझ्या आईचं मुसळ असंच वाजायचं." त्या कापडाची बातमी इथून तिथं गेली. एनुगू शहराच्या एका कलादालनात तिचं कापड टांगलं गेलं, छापून आलं, विद्यापीठातली पोरंपोरी वह्या घेऊन घरी येऊन बसू लागली.

दा अहुदियानंही हात ठेवून ऐकलं होतं. ऐकून म्हणाली, "कापड बोलतंय खरं. पण बोलतंय ते सगळं दुसऱ्यांचंच."

हे एरिन्माला लागलं, कारण ते खरं होतं. तिच्या कापडांवर कासवं होती, फण्या होत्या, चौकटी होत्या, म्हणजे साऱ्या गावाच्या नक्ष्या, कुणीही विणाव्यात अशा. तिची स्वतःची एकही नव्हती. आकवेतेत कुणी बाई 'मी नक्षी काढली' असं म्हणत नाही. 'मला नक्षी आली' असं म्हणते. आंघोळ करताना येते, भांड्याचं बूड खरवडताना येते, पाद्रीबुवांचं प्रवचन रंगात आलेलं असताना येते. देणारा वर आहे. चर्च गावात येण्याआधी आज्या-पणज्या त्याला दुसऱ्या नावानं हाक मारत असतील, पण देणारा तोच. जिला दिली तिनंच ती विणायची. दुसरीनं तिला हात लावायचा नाही, आणि ती बाई गेली की नक्षीही तिच्याबरोबर गेली. दा अहुदियाला जन्मात चार आल्या होत्या. काहींना एकही येत नाही, आणि त्या म्हातारपणी फार बोलत नाहीत. चौतिसावं लागल्यावर एरिन्माला त्या न बोलणाऱ्या बायका जरा जास्त दिसू लागल्या होत्या.

दाचे डोळे सात वर्षांपूर्वी काचबिंदूनं गेले. डॉक्टर म्हणाले, गेलेला उजेड परत येत नाही. साधं कापड ती चाचपून विणायची, पण नक्षी भरायची म्हणजे अडीच हजार उभ्या धाग्यांमधून नेमके हवे ते उचलायचे. बोट एकदा घसरलं की आपण डावीकडं आहोत का मधे, हेच कळत नाही. तिनं नक्षी सोडली होती.

आणि ऑगस्टमधे एका दुपारी तिनं भिंतीवर थाप मारून एरिन्माला बोलावलं.

"दार लाव."

"दा, आत उकडतंय."

"उकडू दे. मला नक्षी आलीय."

एरिन्मानं दार घट्ट लावलं. "ऐंशीव्या वर्षी?"

"मग? देव काय वय विचारून देतो?"

"आणि डोळे?"

"डोळे नाहीत हे त्याला ठाऊक नव्हतं का? तरी दिली. म्हणजे विणायची सोय त्यानं कुठंतरी करून ठेवली असणार. मी सगळीकडं चाचपून बघितलं, मला तर तूच सापडलीस."

नोव्हेंबरात चर्चमधे सुगीचा सण असतो. घरोघरचं जे पहिलं, जे चांगलं, ते त्या रविवारी वेदीपुढं नेतात. दाला हे कापड तिथं न्यायचं होतं. ही शेवटची, म्हणाली, ती त्याला दाखवली की मी मोकळी.

एरिन्माच्या तोंडून निघून गेलं, "मग मला सांग की, मी विणून देते."

दानं तोंड तिच्या दिशेला वळवलं. मग म्हणाली, "तुझ्या बापानं तुला रेडिओ शिकवले. लाज शिकवायची राहून गेली वाटतं."

एरिन्मानं जीभ चावली. नवी नक्षी मागावर असते तेव्हा दुसरी विणकरीण त्या खोलीचा उंबरासुद्धा ओलांडत नाही, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. म्हणजे न बघता, न विचारता, नक्षी काय आहे हे कळू न देता, आंधळ्या बाईचं बोट धाग्यावर पोचवायचं होतं.

पंधरा दिवस ती त्यात बुडाली. जेवताना घास हातातच राहायचा आणि आई म्हणायची, "सूप निवलं की त्यात बुडाव तो हात." शेवटी तिनं मागाच्या रुंदीएवढी एक लाकडी पट्टी घेतली आणि दर वीस धाग्यांमागे एक पितळी खिळा ठोकला. प्रत्येक खिळ्याला मागून तार जोडली. दाच्या बोटात तांब्याची अंगठी घातली. अंगठी खिळ्याला टेकली की जुन्या रेडिओच्या कर्ण्यातून सूर निघायचा, अगदी डावीकडं घोगरा, आणि उजवीकडं जाता जाता चढत शेवटी शिट्टीसारखा. वीसच्या आतले धागे दा बोटानंच मोजणार होती. वीज असली-नसली तरी चालावं म्हणून कौलांवर सूर्याची पाटी बसवली, आणि बिघडलं तर आत न जाता दुरुस्त करता यावं म्हणून यंत्राचं खोकं बाहेर पडवीत ठेवलं.

सुरुवातीला तिनं कानात घालायची बटणं आणली होती. दानं एकदा घातली आणि काढून भिरकावली. "कानात बोळे कोंबून माग चालतो का? ठोका ऐकू यायला नको? धागा नीट बसला का नाही, ते कोण सांगणार मला, पाद्री?"

मग कर्णाच ठेवला. पहिल्या दिवशी दा नुसती या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवत बसली. घोगरा, मधला, बारीक, परत घोगरा. भिंतीपलीकडून एरिन्मानं विचारलं, "दा, जमतंय का?"

"गप्प. मी माझ्या मागाच्या घरात परत आलेय, जरा फिरू दे."

एरिन्मा आपल्या मागावर डोकं टेकून बसली आणि तिनं मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

सप्टेंबर असा गेला. भिंतीच्या त्या बाजूला दा, या बाजूला एरिन्मा. तिकडून सूर, सूर, थांबणं, ठोका. इकडून नुसता ठोका. कारण एरिन्मासमोरचं कापड पुढं सरकत नव्हतं. लागोसच्या एका कलादालनाच्या बाईनं तिला मोठं काम सांगितलं होतं, ऑक्टोबर संपायच्या आत. दर आठवड्याला तिचा फोन यायचा. "एरिन्मा, तुमची तारांची करामत लोकांनी बघितलीय. आता मधोमध काहीतरी असं हवं, जे फक्त तुमचं असेल. दालनातली एक जागा मी तुमच्यासाठी रिकामी ठेवलीय."

"होय, मॅडम."

"घाबरलात का?"

"नाही, मॅडम." आणि फोन ठेवल्यावर ती बराच वेळ मागाकडं बघत राहायची. फक्त आपलं काय आहे, हे तिला सापडत नव्हतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी ती अंगणात याम कंदाची सालं काढत होती, आणि ती आली. आली म्हणजे आलीच. मधे खाली उतरलेली पायरी, दोन्ही बाजूंना उघडत गेलेले काहीतरी पंखांसारखे, मग एक रिकामी जागा, मग पुन्हा पायरी. सुरी तिथंच टाकून ती मागावर बसली. हाताला विचार करावा लागत नव्हता. धागा जिथं उचलायचा तिथं बोट आपोआप जात होतं. संध्याकाळपर्यंत बोटांनी मोजून आठ बोटं नक्षी झाली होती. पहिल्याच दिवशी आठ बोटं! तिनं मागावर चादर टाकली, आईकडं गेली आणि एवढंच म्हणाली, "आई, मला आली."

इहुओमा चुलीपुढंच गुडघे टेकून बसली. मग उठली, डोळे पुसले आणि घरातली सगळ्यात मोठी कोंबडी पकडायला धावली. त्या रात्री लाल भात झाला, कोंबडी झाली, शेजारच्या चार घरी ताटं गेली. काय आली ते कुणी विचारलं नाही, तसं विचारत नसतात. नुसतं 'आली' हे पुरे असतं. दा अहुदिया काठी टेकत भिंतीला वळसा घालून आली. घरात बाळ जन्मलं की बायका आनंदानं एकमेकींच्या मानेला पांढरी पावडर लावतात. तशी तिनं पावडर मागून घेतली, एरिन्माची मान चाचपली आणि दोन्ही बाजूंनी भरभरून लावली.

"उशिरा आलीस गं," नक्षीलाच म्हणाली, "पण आलीस."

लागोसच्या बाईला एरिन्मानं फोनवर सांगितलं. ती इतकी खूष झाली की तिनं दारातली मुख्य भिंतच देऊ केली.

दुसरा दिवस रविवार होता. सोमवारी दाचा गुडघा दुखत होता, ती मागावर बसली नाही. मंगळवारी सकाळी एरिन्मानं चादर काढली, आणि त्याच वेळी भिंतीपलीकडं दानंही सुरुवात केली. घोगरा, घोगरा, मधला. थांबणं. बारीक, बारीक. ठोका.

एरिन्माचं बोट त्याच क्षणी त्याच जागी होतं.

तिला आधी गंमत वाटली. पुढची ओळ. तिचं बोट डाव्या कडेजवळ गेलं, आणि भिंतीतून त्याच जागेचा घोगरा सूर आला. ती थांबली. हात मांडीवर ठेवले. मनात म्हणाली, आता मधला, मग त्याच्या शेजारचा, मग एकदम टोकाचा. भिंतीतून मधला आला, शेजारचा आला, आणि टोकाची शिट्टी वाजली. तिनं अशा पाच ओळी मनात आधी म्हणून बघितल्या. पाचही बरोबर निघाल्या.

एक महिना ती या भिंतीला टेकून बसली होती. डोळे तिनं नेमानं सांभाळले होते, एकदाही खिडकीकडं वळली नव्हती. कान सांभाळायचे असतात हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. विणकरणीचा कान तो. सुरावरून जागा, थांबण्यावरून रिकामे धागे, ठोक्यावरून ओळ, सगळं आत साठत गेलं होतं, आणि एका सकाळी यामची सालं काढताना आपलंच म्हणून बाहेर आलं होतं.

ती उठली. आईला म्हणाली, मनगट दुखतंय. इहुओमानं पाम तेल कोमट केलं आणि मनगट चोळत बसली. "हळू गं बाई. एवढ्या वर्षांनी आलीय ती काही पळून जात नाही." एरिन्माला ते तेल चटक्यासारखं लागत होतं.

दोन दिवस ती मागावर बसली नाही. मनात नको ते येत होतं, आणि येऊ नये असंही वाटत होतं. दाला दिसत नाही. दाचं कापड आकवेतेच्या चर्चमधे राहणार, आपलं लागोसला. ही दोन कापडं शेजारी शेजारी ठेवून बघणारं कोण आहे? माणसांत तर कुणीच नाही. बुधवारी संध्याकाळी चर्चमधे प्रार्थनेला गेली, तर स्तोत्राच्या दोन ओळींमधल्या शांततेतसुद्धा तिला तेच सूर ऐकू आले. तशीच मधून उठून ती घरी आली, मागावरचं कापड काढलं, आठ बोटं विणलेलं आणि खाली सगळा ताणा लोंबत असलेलं, आणि दाच्या पडवीत जाऊन उभी राहिली.

"दा, बाहेर ये."

"कोण? तू का? प्रार्थना संपली?"

"नाही. हे हातात घे."

दानं कापड हातात घेतलं. "कापलंस कशाला अर्ध्यातून?" म्हणत बोट फिरवलं, आणि बोट थांबलं. मग पुन्हा सुरुवातीपासून, फार हळू, शेवटपर्यंत गेलं.

"कडा ओबडधोबड आहेत," दा म्हणाली. "पण माझीच आहे."

"हो."

"आत आली होतीस?"

"नाही, दा. देवाशपथ नाही. ऐकून आली. मला कळलंच नाही. मला वाटलं, मला आली."

दानं कापड मांडीवर ठेवलं. "मी माझ्या हातानं तुझ्या मानेला पावडर लावली," ती म्हणाली. "माझंच लेकरू तुझ्या मांडीवर होतं आणि मी तुला पावडर लावून आले."

थोड्या वेळानं दानं हात पुढं केला. "बस. उसव."

"आत्ता?"

"मग काय सुगीला?"

अंधार पडेपर्यंत दोघी बसल्या. एरिन्मा एकेक ओळ उसवायची आणि सुटलेला धागा दा काडीवर गुंडाळत जायची. विणायला एक दिवस लागला होता, उसवायला तेवढाही लागला नाही. मधेच दा म्हणाली, "ही वीण आनंदात घातलेली आहे. बोटाला कळतं. चोराचा हात असा मऊ नसतो. म्हणूनच जास्त वाईट वाटतंय."

"तू रागाव तरी माझ्यावर."

"रागावलेच आहे. पण राग आला म्हणून धागा का वाया घालवू? गुंता करू नकोस तिथं." मग बऱ्याच वेळानं, "माझी पहिली आली तेव्हा मी एक्केचाळीसची होते. दोन्ही पोरं तापानं फणफणलेली. मी म्हटलं, देवा, आत्ता? त्यानं ऐकलं नाही. तो वेळ बघून येत नाही."

आईला सांगणं त्याहून अवघड होतं. इहुओमानं सगळं ऐकून घेतलं, पातेल्याचं झाकण उचललं, परत ठेवलं. "आणि मी चार घरी ताटं पाठवली," म्हणाली. "आता काय, कोंबडी परत मागू?" मग स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. पण सकाळी तीच चार घरी गेली आणि प्रत्येक दारात सांगून आली, "आली नव्हती. चूक झाली. ताट परत देऊ नका, प्रेमानं दिलं होतं."

लागोसची बाई म्हणाली, "अहो, मग थोडी बदला ना! दोन रेषा इकडच्या तिकडं. कुणाला कळणार आहे?"

"बदललेली माझी होत नाही, मॅडम."

"एरिन्मा, मी ती भिंत रिकामी ठेवू शकत नाही."

"नका ठेवू." तिनं फोन ठेवला. भिंत दुसऱ्या कुणाला गेली.

आता प्रश्न होता दाच्या उरलेल्या कापडाचा. तीन आठवडे राहिले होते. एरिन्मा ऐकत राहिली तर सगळी नक्षी तिच्यात उतरणार, आणि ती दूर गेली तर यंत्र कोण सांभाळणार? तिनं पाद्रीबुवांकडून चर्चमागच्या रिकाम्या शाळाखोलीची किल्ली मागून घेतली, माग सुटा करून दोन फेऱ्यांत तिकडं नेला आणि दिवसभर तिथंच बसू लागली. सूर फाटला किंवा बंद पडला, की दानं पळीनं पातेलं बडवायचं. मग एरिन्मानं यायचं, पडवीतल्या खोक्याशी बसून दुरुस्त करायचं आणि तपासायला एकच सूर वाजवून निघून जायचं.

"ऐकू नकोस हं!" आतून दा ओरडायची.

"मी स्तोत्र म्हणतेय!"

"बेसूर म्हणतेयस. त्यापेक्षा ऐक."

रोज सकाळी ती प्रार्थना करायची, देवा, जे कानावाटे आत गेलंय ते काढून घे. पण पायरी आणि ते उघडणारे पंख तिच्या बोटांत तसेच राहिले. काही मागणी तो ऐकतो आणि बाजूला ठेवून देतो. का, ते त्यालाच ठाऊक. शाळाखोलीत तिनं साधं पांढरं कापड विणलं, कासव नाही, फणी नाही, काही नाही.

सुगीच्या रविवारी चर्च यामनी, केळ्यांच्या घडांनी, बांधलेल्या बकऱ्यांनी भरून गेलं. सगळ्यांचं देऊन झाल्यावर दा अहुदिया काठी टेकत पुढं आली. तिच्या खांद्यावर घडी होती. गावच्या विणकरणींची मुख्य दा उगोएझी, तीच खोकल्याच्या घरची, पुढं येऊन उभी राहिली. नवी नक्षी उलगडली की ती विणकरणीच्या नावावर करण्याआधी तीन प्रश्न विचारायची रीत आहे.

कापड उलगडलं गेलं. बायकांच्या बाकांमधून एक लांब 'हं' निघाला. एरिन्मा पाचव्या बाकावर होती. ऐकलेली गोष्ट तिनं पहिल्यांदा डोळ्यांनी बघितली. लाल जमिनीवर पिवळं आणि काळं. पंख ती समजत होती ते पंख नव्हतेच, पाण्यावर फाकत गेलेल्या रेषा होत्या, होडी गेल्यावर मागं उरतात तशा. रंग सुरांत येत नाहीत. आपल्या आठ बोटांत त्यातलं किती थोडं होतं, हे तिला तिथं बसल्या बसल्या दिसलं.

दा उगोएझीनं विचारलं, "ही कुणाच्या मागावर आहे का?"

कुणी बोललं नाही.

"कुणाच्या पेटीत आहे का?"

कुणी बोललं नाही.

"कुणाच्या हातात आहे का?"

हा तिसरा प्रश्न नुसता रीत म्हणून विचारतात. त्याला कधी कुणी उत्तर दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. इहुओमानं शेजारी बसलेल्या लेकीचा हात गच्च धरला, कारण लेक काय करणार ते तिला कळलं होतं. एरिन्मा उठून उभी राहिली.

"आहे," ती म्हणाली. "माझ्या हातात आहे. भिंतीतून ऐकून आली. मी विणली होती, मग उसवली. पण हातातून जात नाही."

चर्चमधे कुजबूज उठली. दा अहुदिया जिथं होती तिथंच ताठ उभी राहिली, मान फक्त आवाजाच्या दिशेला वळली. हातात नक्षी असलेली दुसरी बाई निघाली तर कापडाची घडी परत घालायची असते. म्हातारीचं हे शेवटचं कापड परत घडी होऊन घरी जाणार, की काय, असं सगळ्यांना वाटलं.

दा उगोएझीनं खोकून घसा साफ केला. "अहुदिया, तुला माहीत होतं?"

"मीच बसून उसवून घेतलं."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नव्हतंस. आणि तिनं सांगायचं होतं, मी नाही."

"एरिन्मा, परत विणशील?"

"नाही, दा."

"अहुदिया गेल्यावर?"

"तेव्हाही नाही."

दा उगोएझीनं मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या विणकरणींकडं बघितलं. त्यांतल्या एकीनं, जिला जन्मात एकही नक्षी आली नव्हती, हळूच मान डोलावली. मग दुसरीनं. दा उगोएझी वळली. "हाताला कळलं, त्याला हात काय करणार? मागावर नाही, पेटीत नाही, परत विणणार नाही. झालं. ही अहुदियाची. बस खाली, पोरी, अजून यामचा लिलाव व्हायचाय, बकऱ्यांनी निम्मे खाल्लेत."

हशा पिकला, आणि हशातच पाद्रीबुवांनी हात उचलून आशीर्वाद दिला.

परतताना दा एरिन्माच्या दंडाला धरून चालत होती. इहुओमा मागून भुणभुणत येत होती, "गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं? भर चर्चमधे! माझं काळीज तोंडात आलं होतं."

"तुझं काळीज कायमच तोंडात असतं, इहुओमा," दा म्हणाली. मग थोडं पुढं गेल्यावर हळूच, "त्या पट्टीच्या तारा काढल्यास का?"

"उद्या काढते."

"राहू दे."

"कशाला?"

एरिन्माच्या दंडावरची दाची बोटं धागे उचलावेत तशी हलली. एरिन्मा रस्त्यातच थांबली. "दा! तू म्हणाली होतीस, ही शेवटची."

"मी म्हणाले होते," दा म्हणाली. "त्यानं कुठं म्हटलं होतं?"

मागून येणाऱ्या इहुओमानं दोन्ही हात आभाळाकडं उचलले. एरिन्मानं खिशात हात घातला, शाळाखोलीची किल्ली तिथंच होती. पाद्रीबुवांना ती आजच परत द्यायची ठरली होती. तिनं ती तशीच खिशात राहू दिली आणि दाचा हात नीट धरून चालू लागली.